मोदकपात्र गॅसवर असताना सिलेंडर संपला

“मावशी, मी डोंबिवलीला राहते. दोन खोल्या-हॉल-किचन, आणि माणसं सहा. मी, नवरा, सासू-सासरे, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सासूबाईंचं माहेर बीडकडचं. आम्ही दोघंही मुंबईला नोकरीला. मी पावणेआठला घर सोडते, रात्री आठला परत येते. यंदा गणपतीच्या पहिल्याच दिवशी मोदकांचा पहिला घाणा गॅसवर असताना सिलेंडर संपला. दुसरा बघितला तर तोही रिकामा. बाहेर पाहुणे बसलेले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, ‘सांगायचंस ना, मी नंबर लावला असता.’ ते वाक्य डोक्यातून जातच नाही. वर्षभर मी घर लावायचा खूप प्रयत्न केला. एकसारखे डबे आणले, लेबलं चिकटवली, व्हिडिओ बघून ट्रॉल्या लावल्या. पंधरा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. सासूबाई काही टाकू देत नाहीत, पिशव्यांची पिशवी भरून वाहतेय. नवरा वाईट नाही, सांगितलं की करतो. पण सांगायचं मीच. मी कुठे कमी पडते? आणि माळ्यावर पितळेच्या भांड्यांची दोन पोती आहेत, त्यांचं काय करू? मला ‘तू’ म्हणा.”

तू कुठेही कमी पडत नाहीस, हे आधी सांगते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा “सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं” या वाक्यापाशी थांबले. घरात मोठी माणसं चार. त्यांतल्या दोघांचा दिवस त्याच घरात जातो. तरी सिलेंडर रिकामा आहे हे माहीत असायची जबाबदारी रोज बारा तास घराबाहेर असणाऱ्या बाईची कशी झाली? ती तुझ्यावर कुणी टाकली नाही. एकदा तुझ्या लक्षात राहिलं, दुसऱ्यांदा राहिलं, मग सगळ्यांनी लक्षात ठेवणं सोडून दिलं. तुझं घर आज तुझ्या एकटीच्या आठवणीवर चाललंय. डबे कितीही सुबक लावलेस तरी ही आठवण तुझ्या डोक्यातून त्या डब्यांत जाणार नाही.

“सांगायचंस ना” याचाही नीट विचार कर. तुझा नवरा मनापासून बोलला असणार. पण सिलेंडरच्या कामातला अवघड भाग नंबर लावणं हा नव्हेच. तो फोनवर दोन मिनिटांत लागतो. अवघड आहे ते ध्यानात ठेवणं: चालू सिलेंडर कधी लावला, आपल्याकडे तो किती दिवस पुरतो, गणपतीत पाहुणे येणार म्हणजे आधी संपेल, दुसरा भरलेला आहे ना. एवढं सगळं तू करायचंस आणि शेवटची दोन मिनिटं त्याने करायची, आणि त्याला आपण मदत म्हणतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, मधलं अंतर तेवढंच राहिलं. आणि लोकलमध्ये दाराशी उभं राहून तू “उद्या याच्या शाळेत चार्ट पेपर लागणार” म्हणून आठवतेस, ते मिनिट कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून पहिलं काम असं कर. एक साधी वही घे आणि आठ दिवस, जे जे तुझ्या लक्षात आलं ते लिही. केलेलं काम लिहू नकोस, आठवलेलं लिही. मटकी भिजत घालायची. विरजण लावायचं. मुलाचे पीटीचे बूट शनिवारी पांढरे हवेत. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या गुरुवारी संपतायत. कामाच्या मावशी सोमवारी येणार नाहीत. इस्त्रीवाल्याकडे नवऱ्याचे चार शर्ट पडलेत. माझी मुलं लहान असताना मी हे केलं होतं. चार दिवसांत सात पानं भरली, आणि ती पानं ह्यांच्यापुढे ठेवली तेव्हा मला भांडावं लागलं नाही. ते बराच वेळ वाचत बसले. तूही रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांना बसवून ती वही वाचायला दे. तू वाचून दाखवू नकोस. मुलीला वाचू दे, मोठ्याने.

मग कामं वाटायची, आणि वाटताना अख्खं काम द्यायचं, तुकडा द्यायचा नाही. सिलेंडरचंच बघ. आता तो नवऱ्याचा. अख्खा म्हणजे काय, तर नवा सिलेंडर लावला की तारीख कॅलेंडरवर टाकायची. दोन-तीन सिलेंडर असे लिहिले गेले की आपल्याकडे तो किती दिवस जातो ते आपोआप कळतं. एक संपून दुसरा लागला की त्याच दिवशी नंबर लावायचा. आला की वजन करून घ्यायचं: रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन यायला हवं, आणि आणणाऱ्याला काटा लावायला सांगायचा आपला हक्क आहे. सील बघायचं. वरच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं, ती त्या सिलेंडरच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. मुदत उलटून गेलेला घ्यायचा नाही. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तीही त्याच्याच खात्यात. दिवसा सिलेंडर येईल तेव्हा घरी आजी-आजोबा असतील, पण सिलेंडर घेताना सांगायचा, फोनवर आलेला कोड त्यांना कळवायचा आणि पैसे काढून ठेवायचे हे त्याने बघायचं. तू यातलं काहीही लक्षात ठेवायचं नाहीस. विचारायचंही नाहीस, आणि हा भाग तुलाच जड जाईल.

कारण तो विसरेल. पहिल्या दोन महिन्यांत एकदा तरी विसरेल. त्या दिवशी तू धावलीस तर सगळं मुसळ केरात. घरात इंडक्शनची शेगडी आणून ठेव, त्या रात्री तिच्यावर खिचडी होईल, आणि ती त्याने लावावी. मोदकांच्या दिवसाइतकं त्यात कुणाचं नुकसान नाही. औषधांच्या बाबतीत मात्र हा प्रयोग करायचा नाही. सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांची तापाची औषधं यांवर दोघांची नजर हवी. विसरल्याने शिकायचं ते खिचडीवर, रक्तदाबावर नाही.

आणखी एक. त्याने कपड्यांच्या घड्या घातल्या आणि त्या तिरक्या आल्या, तर तू त्या मोडून पुन्हा घालू नकोस. माझ्या एका मैत्रिणीने वीस वर्षं नवऱ्याने लावलेली भांडी परत लावली. विसाव्या वर्षी त्याने हात लावणं सोडलं, आणि मग ती मला रडत सांगायला आली. तिला काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं, म्हणून तुला आधीच सांगते.

वाटलेली कामं लिहायची कुठे? भिंतीवर. फोनवर घराचा ग्रुप असेलच, असू दे, पण त्यात सिलेंडरची तारीख शुभप्रभातच्या फुलांखाली गडप होते. चौथीतल्या मुलाकडे फोन नाही, सासूबाई तो बघत नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेलं कॅलेंडर सगळ्यांना दिसतं. जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं, तेव्हापासून मराठी घरांनी त्यात फक्त एकादशी आणि संकष्टी बघितलेली नाही. दुधाचा हिशेब, पेपरवाल्याचे खाडे, धुण्याच्या बाईच्या सुट्ट्या, गॅस लावल्याची तारीख, सगळं त्या चौकोनांत पेन्सिलने असायचं. माझ्या आईच्या कॅलेंडरवर दुधाच्या जागी नुसते आकडे असत, एक, दीड, एक, आणि महिनाअखेरीला ती ते बोटाने बेरजेला लावी. ती जुनी पद्धत तू पुन्हा सुरू कर, आणि पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेव. मोकळी ठेवलीस तर दप्तरात जाईल.

हे कॅलेंडर सासऱ्यांच्या ताब्यात दे. मुख्याध्यापक होते म्हणतेस. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षं हजेरीपट, शिलकी रजिस्टर आणि शाळा तपासणीची तयारी सांभाळली, त्याला आपण घरात पेपर वाचायला बसवून ठेवलंय. त्यांना विनंती कर, पण खरी विनंती कर, मन राखायला दिल्यासारखी नको. “बाबा, मला हे जमत नाहीये, तुम्ही बघाल का?” वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, दूध-पेपर-इस्त्रीचा हिशेब, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या आणि त्यांचा पगार ठरल्या तारखेला. त्यांचा स्वतःचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तो ते विसरत नसतील बघ. बाकीचंही विसरणार नाहीत. रोज रात्री जेवताना त्यांनी उद्याचा चौकोन मोठ्याने वाचायचा. दोन मिनिटांचं काम, पण त्यामुळे उद्या काय आहे हे सहाही जणांना एकाच वेळी कळतं.

आता सासूबाई. त्यांच्या पिशव्यांवर तू चिडतेस ते मला समजतं, कपाट उघडलं की अंगावर येणाऱ्या पिशव्या मीही पाहिल्यात. पण त्या बीडकडच्या आहेत ना? वय सत्तरीच्या आसपास असेल तर बहात्तरचा दुष्काळ त्यांनी जाणत्या वयात पाहिलाय. मिलो नावाच्या आयात ज्वारीची लाल भाकरी, दुष्काळात वाटलेली सुकडी, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसं. पुढे शहरात आल्या तर रॉकेलची रांग. ज्या बाईने पत्र्याचा डबा, सुतळी, दुधाची पिशवी धुऊन वाळवून वापरलीय, तिला “हे टाका” म्हणणं म्हणजे तिने ज्या शहाणपणावर घर जगवलं त्यालाच कचरा म्हणणं. टाकण्याची भाषाच सोड. जागेची भाषा बोल. पिशव्यांसाठी एक डबा ठरव, झाकणाचा, मोठा. त्यात मावतील तेवढ्या राहतील. भरला की कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या भंगारवाल्याला द्यायच्या ते त्यांनीच ठरवायचं. तू त्या डब्याला हात लावायचा नाही, त्यांच्या मागे तर मुळीच नाही. एकदा त्यांच्या नकळत काही टाकलंस तर पुढची दहा वर्षं त्या प्रत्येक वस्तूवर पहारा देतील.

तुझे एकसारखे डबे का टिकले नाहीत, तेही मला वाटतं त्यांच्याकडेच कळेल. दिवसभर स्वयंपाकघरात कोण असतं? त्या आणि पोळ्यांना येणाऱ्या काकू असतील त्या. लावणी मात्र तू तुझ्या उंचीने, तुझ्या डोळ्यांनी केलीस. बारा सारखे डबे, बारीक लेबलं, चष्मा हॉलमध्ये. त्या साखर शोधताना तीन झाकणं उघडत असतील, आणि मग सोयीचा म्हणून साखरेचा डबा ओट्यावरच राहत असेल. डाळ-साखरेला पारदर्शक बरण्या वापर, नाहीतर त्यांचे जुने वेगवेगळ्या आकाराचे डबे परत काढ, त्यांच्या हाताला ते अंधारातही कळतात.

घर लावायचं उत्तम उदाहरण तुझ्या ओट्यावरच आहे: मिसळणाचा डबा. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, गोडा मसाला या बाजारात वेगवेगळ्या वस्तू आहेत, पण फोडणीला एकदम लागतात, म्हणून एकत्र राहतात. तेल तापलेलं असताना एका हाताच्या अंतरावर. आपल्या आज्यांनी वस्तूंची जात पाहिली नाही, वेळ पाहिली. तसंच डब्यांचं कर. सकाळी सहा माणसांची जी धांदल उडते तिला लागणारं सगळं एकाच खणात: डबे, झाकणं, चमचे, नॅपकिन, पाण्याच्या बाटल्या, झाकणाची सुटलेली रबरं. आज झाकणं वरच्या ट्रॉलीत आणि डबे भांड्याच्या जाळीत असणार, हो ना? दाराशी दुसरा मिसळणाचा डबा: चाव्यांची खुंटी, पास, छत्र्या, सुट्टे पैसे, मुलांची ओळखपत्रं. देवापाशी वाती, काडेपेटी, उदबत्ती, तेलाची बुधली. दोन हातांच्या आत एका कामाचं सगळं मिळालं की वस्तू आपल्या जागी परत जाते. नाही मिळालं की ती जिथे वापरली तिथेच राहते, आणि मग तू रात्री साडेनऊला ती उचलत फिरतेस. आधी सकाळच्या डब्यांचा एकच खण कर. कपाटं, शोकेस, पुस्तकं नंतर. सगळं घर एका रविवारी उपसलंस तर संध्याकाळी पलंगावर डोंगर असेल आणि झोपायला जागा नसेल.

मुलांबद्दल माझं मत पक्कं आहे. मुलगी आठवीत आहे म्हणून तिच्याकडे भाजी निवडणं आणि भावाकडे खेळणं, असं होऊ देऊ नकोस. चौथीतला मुलगा रात्री सहा बाटल्या भरून ठेवू शकतो, ताटं-पाणी घेऊ शकतो, स्वतःचं दप्तर वेळापत्रक बघून भरू शकतो. एखाद दिवशी गणिताची वही राहील. बाई रागावतील, दुसऱ्या दिवशी राहणार नाही. तू ट्रेनमधून आजीला फोन करून वही शाळेत पोचवायची व्यवस्था करू नकोस. मुलीला दर आठवड्याची वाणसामानाची यादी दे. फ्रीजच्या दारावर कागद लावायचा, जो शेवटचा चमचा काढेल त्याने तिथे लिहायचं, शनिवारी ती कागद बघून यादी करेल. तिला तुझ्या जागची दुसरी तू करायचं नाहीये, म्हणून तिचं हे काम सहा महिन्यांनी भावाकडे जाऊ दे.

रात्रीची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांची. ओटा मोकळा, भिजवण भिजत, विरजण लावलेलं, उद्याचे कपडे खुर्चीवर. घड्याळ लावून करा, वेळ झाली की थांबा.

कागदांचं तू काही लिहिलं नाहीस, पण मी विचारते: सासऱ्यांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर विम्याचं कार्ड कुठे आहे, ते घरात तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? माझ्या दिरांच्या वेळी आम्ही पहाटे तीन वाजता चार कपाटं उपसली. जाऊबाई गावाला होत्या, त्यांना फोनवर रडू आवरेना, कारण कागद कुठे ठेवलाय ते त्यांनाच नीट आठवत नव्हतं. कार्ड शेवटी गाद्यांखालच्या एका पाकिटात निघालं. तेव्हापासून आमच्याकडे एकच जाड फाइल आहे, लाल रंगाची, हॉलच्या कपाटात डोळ्यांच्या उंचीवर. आधारच्या प्रती, रेशन कार्ड, विमा, रक्तगट, चालू औषधांची यादी, डॉक्टरांचे नंबर, गॅसचं पुस्तक, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत. पहिल्या पानावर बँकांची नावं आणि कुठे कुणाचं नामनिर्देशन आहे ते. पासवर्ड त्यात ठेवायचे नाहीत. एक संध्याकाळ लागते. ही संध्याकाळ तू आणि नवऱ्याने दोघांनी मिळून काढा. विमा संपलेला असणं किंवा नामनिर्देशन राहून गेलेलं असणं अशा गोष्टी त्याच दिवशी सापडतात.

कामाच्या मावशींसाठी एक ओळ. त्या यायच्या आधी खरकटं भांड्यांतून काढून भांडी मोरीत एका जागी, आणि जमिनीवरचं सामान उचललेलं, एवढं घरच्यांनी करायचं. सुट्ट्या आधी ठरवून कॅलेंडरवर लिहिल्या की त्यांना खोटी कारणं द्यावी लागत नाहीत आणि तुला ऑफिसातून ऐनवेळी फोनाफोनी करावी लागत नाही.

उरली माळ्यावरची पोती. मोडीत घालायची घाई करू नकोस, आणि वीस वर्षं तशीच ठेवूही नकोस. खाली काढा आणि सासूबाईंना मधे बसवा. एकेक भांडं कुणाचं, कुठून आलं, ते त्यांना सांगू दे, मुलगी लिहून घेईल. कुणाचं नाव घातलेलं असेल ते बाजूला ठेवा. रोज वापरायला दोन-तीन निवडायला सांग: एखादं पातेलं, परात, पाण्याचा तांब्या. पितळेच्या ज्या भांड्यात शिजवायचं त्याला आतून कल्हई हवीच, नाहीतर चिंच, टोमॅटो, ताक असलं आंबट त्यात कळकतं आणि पोटाला बाधतं. कल्हईवाला पूर्वी दारावर यायचा, भाता लावून, नवसागर टाकून कथिलाचा हात फिरवायचा. आता भांडी बाजारात विचारलं तर पत्ता मिळतो. ज्यांच्याशी कुणाची आठवण जोडलेली नाही ती मोडीत जाऊ देत, आणि त्या पैशांतून इंडक्शनची शेगडी येईल. सासूबाईंना ते आधी सांग, म्हणजे भांडी कशासाठी गेली हे त्यांना ठाऊक असेल.

पोती उतरवायला रविवार ठेव. आणि स्टुलावर तू चढू नकोस, नवऱ्याला चढू दे. पोती वर कुठल्या कोपऱ्यात आहेत, तेही त्यालाच शोधू दे.